सरासरीत बसलेली भाची

एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या बालवाढ प्रमाणीकरण कार्यालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार : माझी सख्खी थोरली बहीण. विषय : अर्जदाराची मुलगी, वय वर्षे साडेसात, हिची वाढ वेळेआधी होत असल्याबाबत. मी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि मगच म्हणालो, "ताई, बस ना."

"बसायला वेळ नाहीये मला," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पोरगी वयात यायला लागली. अरे, अजून बुटाची नाडी बांधता येत नाही तिला! औषध आहे, त्यानं हे थांबतं. पण आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू करायला हवं, आणि त्याला तुमचा 'अकाल वाढ' दाखला लागतो. सहाच महिने उरलेत."

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. आत्ताही ती माझ्या फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरत होती. उंची माझ्या खांद्याला लागलेली, कपाळावर पुटकुळ्या, आणि पुढचा एक दात हलत होता.

"कारण काय लिहू?" मी विचारलं. अर्जात त्यासाठी रकाना क्रमांक नऊ आहे.

"नक्की सांगता येत नाही म्हणाले. पण डब्यांच्या कारखान्याचं पाणी नाल्यात येतं, नाल्यातून आपल्या नळाला. शिवाय तोच डबा रोज दप्तरात. त्या मऊ प्लास्टिकमधलं, त्या वासामधलं काहीतरी शरीराला उगाच घाई करायला लावत असेल म्हणे."

कारखान्यानं शाळेतल्या प्रत्येक मुलाला फळांच्या वासाचा डबा फुकट वाटला होता. आम्हा कर्मचाऱ्यांनाही एकेक मिळाला होता. मी रकान्यात लिहिलं : 'वास.'

साहेबांनी अर्ज वाचला. "दाखला मिळेल की! वॉर्डाच्या सरासरीपेक्षा मुलगी दोन वर्षं पुढे असली, म्हणजे झालं."

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. पूर्वी आमच्याकडे पुस्तकातलं जुनं प्रमाण चालायचं. तीन वर्षांपूर्वी मीच टिपणी लिहिली, की आपल्या मुलांना परक्यांची पट्टी का लावायची? दर एप्रिलमध्ये आपल्याच वॉर्डातली मुलं तपासावीत, आणि ती कितव्या वर्षी वयात येतात त्याची सरासरी हेच प्रमाण धरावं. पहिल्या वर्षी सरासरी आली साडेदहा. मग सव्वानऊ. यंदा आठ वर्षं एक महिना. तक्रारी आपोआप बंद झाल्या. एक अख्खा आजार मी पेन्सिलीनं पुसला, असं साहेब भर सभेत म्हणाले, आणि मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते माझ्या खुर्चीमागे टांगलेलं आहे.

भिंगरी सरासरीपेक्षा जेमतेम सात महिने पुढे निघाली. अर्ज नामंजूर.

"सगळीच पोरं बिघडली म्हणून कुणीच बिघडलं नाही, असं कसं रे?" ताई कडाडली.

"सगळ्यांचंच तसं असलं की त्याला बिघाड म्हणत नाहीत, ताई. प्रमाण म्हणतात."

"मग त्या पोस्टमनची मुलगी बघ! बारा वर्षांची आहे. महिन्यापूर्वी आलेत ते इथे बदलून. कशी बारकीशी आहे, उड्या मारत फिरते. तिच्याशी ताडून बघ."

मी त्या मुलीची फाइल काढून दाखवली. सरासरीपेक्षा चार वर्षं मागे असल्यामुळे तिला आम्ही 'विलंबित' ठरवलं होतं आणि तिच्यावर उपचार सुरू होते. आजारी मुलीशी निरोगी मुलीची तुलना नियमात बसत नाही.

"उपचार? कसले?"

"पूरक आहार. दिवसातून दोनदा, गरम गरम, कारखान्याच्या डब्यातून."

ताईनं कपाळावर हात मारला.

माझा भिंगरीवर जीव आहे, हे कुणीही सांगेल. म्हणून मीच सुचवलं, अपील कर, सोबत हाताचा एक्स-रे जोड. दोन आठवड्यांनी अहवाल आला : हाडांचं वय अकरा. मी खुर्चीतून उठलोच. साडेसात आणि अकरा, साडेतीन वर्षांची तफावत! आता कोण नाही म्हणतो?

साहेबांनी फिल्म खिडकीशी धरली. "हाडं म्हणतात अकरा, जन्मदाखला म्हणतो साडेसात. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय. हाड खोटं बोलत नाही. दाखला काय, तुमच्यासारखाच कुणीतरी लिहितो."

आदेश निघाला. भिंगरीची जन्मतारीख साडेतीन वर्षं मागे नेण्यात आली. दुरुस्त वयानुसार तिची वाढ अकाल नसून तीन वर्षं उशिरा होत असल्याचं निष्पन्न झालं. सबब, औषध नामंजूर, दिवसातून दोन डबे मंजूर, सोमवारपासून सहावीच्या वर्गात बसावे. आदेशावर जावक सही माझी आहे.

त्याच सोमवारी दुपारी ताई भिंगरीला घेऊन आली. या वेळी भिंगरी खुर्चीत फिरली नाही. तिनं मूठ उघडून माझ्या टेबलावर एक दात ठेवला.

"मामा, आज पडला. दुधाचा आहे. अकरा वर्षांच्या मुलीला पुढे दुधाचे दात नसतात, बाईंनीच सांगितलं. म्हणजे मी साडेसातचीच ना रे? मला नाही बसायचं सहावीत. तिथे खेळायला कुणी घेत नाही."

साहेबांनी दात बघितला. "तोंडात असता तर विचार केला असता. बाहेर पडलेला दात कुणाचाही असू शकतो."

ताई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू माझा भाऊ ना रे?"

मी म्हणालो, "कार्यालयीन वेळेत..." आणि दात उचलून खणात ठेवला. लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी शेवटचा उपाय केला. नवीन टिपणी लिहिली : तुलनेसाठी असा एक वॉर्ड हवा, जिथली मुलं अजून मुलंच आहेत. तिथली फक्त दहा मुलं तपासू द्या, म्हणजे आमची पट्टी चुकल्याचं सिद्ध होईल आणि भिंगरीचं वय तिला परत मिळेल. साहेबांनी हसत हसत सही केली. सगळ्या वॉर्डांत घरोघर पत्रं गेली. तुमच्याकडेही आलं असेल, गुलाबी कागदावर.

पाच महिन्यांत उत्तरं भरपूर आली. 'आमच्याकडे तसलं काही नाही.' 'आमची मुलं चांगली धडधाकट आहेत, तपासायचं कारण नाही.' मुलं तपासू द्यायला मात्र एकही घर तयार झालं नाही. येत्या शुक्रवारी भिंगरीला, जुन्या हिशेबानं, आठ वर्षं पूर्ण होतात. दात माझ्या खणात आहे.

काल तुमच्या भागातून एक फोन आला. मी धावत जाऊन उचलला. ते वासाचे डबे कुठे मिळतात, एवढंच विचारायचं होतं. मी पत्ता दिला.