आईच्या फोटोतला लाल रंग

देवासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारे पुष्कळ आहेत, पण फोटोतले रंग सुटे करून दाखवणारा मी एकटाच. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांत एकाही पोराच्या डोक्यात शिरलेली नाही. पोरं म्हणतात, "सर, दिखता तो नहीं है."

दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं. पण त्या सोमवारी घरात वेगळाच विषय चालू होता. रविवारी बाबांची पंचाहत्तरी, आणि आईला एकच गोष्ट हवी होती. तिचा धाकटा भाऊ, धारचा उदाजीमामा, यावा. चार वर्षांपूर्वी मामाच्या घरच्या मुंजीत बाबांनी ताटातला बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, उचलून विचारलं होतं, "उदाजीराव, हा खायचा की भिंतीत बसवायचा?" त्यावर मामा म्हणाला, "नारायणराव आहेत तोवर त्या घराची पायरी चढणार नाही." चढलाही नाही.

"पीयूष, एकदा फोन करून बघ ना त्याला," आई सकाळी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाईट वाटलं. मी तिचा मोबाईल घेतला. फोन केलाच नाही, कारण उघडल्याबरोबर मला तिचा फोटो दिसला. लालभडक शालू, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला हवा होता अगदी तस्साच फोटो!

दहा मिनिटांत मी त्याचा फक्त लाल भाग वेगळा काढला. आता हा भाग लाल दिसत नाही, बरं का. तो कृष्णधवल दिसतो. जिथे लाल भरपूर, तिथे पांढरं. जिथे लाल नाही, तिथे काळं. म्हणजे शालू पांढराफटक झाला. कुंकू कपाळाच्या रंगात मिसळून पार नाहीसं झालं. मी खूश होऊन तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली चौदा ओळी शुद्ध मराठीत सगळं समजावून सांगितलं. आमची निम्मी मंडळी हिंदी शाळेत शिकलेली. चौदा ओळी मराठी ती वाचतील असं मला वाटलं, इथेच माझी अक्कल दिसली.

मग मी शाळेत गेलो. परीक्षेची ड्यूटी होती, मोबाईल ऑफिसात जमा करावे लागतात. माझा केला, आणि खिशात आईचाही निघाला, तोही केला. बाबांनी मोबाईल कधी हातात धरलेला नाही. थोडक्यात, तीन तास आमच्या घरी कुणाचाही फोन लागत नव्हता.

साडेबाराला मोबाईल परत घेतला तर ग्रुपवर एकोणचाळीस वेळा "ॐ शांती". कोण गेलं असेल, असा विचार करत मी घरी पोचलो, तर फाटकाशी धारची गाडी! मामा उतरला तो पांढऱ्या धोतरात, आणि माझ्या गळ्यातच पडला.

"पोरका झालास रे," तो हुंदके देत म्हणाला. "चार वर्षं मी तोंड नाही पाहिलं त्यांचं. एका बाफल्यापायी रे."

"भिया, कब हुआ?" मामेभाऊ राजवीरने हळूच विचारलं. त्याच्या हातात झेंडूचा हार होता.

"काय कधी झालं?"

तेवढ्यात दार उघडून बनियनवर बाबा बाहेर आले. "कोण आलंय एवढ्या उन्हाचं?"

मामा मटकन पायरीवर बसला. मागून आई आली, लाल लुगडं, कपाळभर कुंकू. मामा एकदा तिच्याकडे बघे, एकदा बाबांकडे. मग उठून त्याने बाबांना अशी मिठी मारली की बाबांचा चष्माच पडला.

फोटोतला पांढरा शालू आणि कोरं कपाळ बघून सगळ्यांनी बाबांनाच पोचवलं होतं. हा उलगडा झाल्यावर बाबा गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे उदाजीराव, तुमचा शब्द मोडला नाही. मी नाही असं समजूनच तुम्ही पायरी चढलात."

मामा आधी रागावला, मग हसला, मग म्हणाला, "आता रविवारपर्यंत मी इथून हलत नाही." राजवीरने तो हार मुकाट्याने देवाला घातला.

जेवणं झाल्यावर मला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. मी कॉम्प्युटर लावून तिन्ही भाग ओळीने दाखवले. निळ्या भागात शालू काळाकुट्ट, कुंकूही काळं. "हे तर आणखीनच अभद्र," मामा म्हणाला आणि आडवा झाला. राजवीर केव्हाच घोरत होता. आई मात्र शेवटपर्यंत बसली होती. चेहरा असा समाधानी की मला चार वर्षांत आठवत नव्हता.

"पीयूष," ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बदनावरच्या वन्सं ग्रुपवर नाहीत, आणि त्याही रविवारी जमणार नाही म्हणतायत. त्यांनाही पाठव एक फोटो. पण लालच भाग पाठव हो. निळ्यात कुंकू काळं का होईना, दिसतं. त्या यायच्या नाहीत."

बावीस वर्षांत माझा विषय पूर्ण समजलेली ही पहिली विद्यार्थिनी.