डिक्कीतलं पिल्लू

गाडीच्या डिक्कीत सबवूफर, म्हणजे गाण्याला धमक देणारा मोठा स्पीकर, बसवायचा आणि वायरिंग आपणच करायचं, असं मी ठरवलं तेव्हा मला कोणीतरी अडवायला हवं होतं. (माझी बायको मयुरा म्हणते, तिनं अडवलं होतं. मला आठवत नाही.) मी हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण व्हिडिओ पाहून पाहून अंगात एक प्रकारचा इंजिनिअर संचारला होता.

डिक्कीत सबवूफरचं खोकं ठेवलं, शेजारी अँप्लिफायर स्क्रूनं कसला, मागचे स्पीकरही त्यालाच जोडले. गाणं लावलं. धमक अशी की बेसा वस्तीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरल्या. पण त्या धमकेमागून बारीक आवाज यायचा... कूंऽऽऽ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. गाणं थांबवलं तरी चालूच!

मी वायरी इकडच्या तिकडे केल्या. खोक्याखाली गोधडी घातली. शेवटी अँप्लिफायरचं बटण वाढवलं, म्हणजे गाण्यात कूं बुडून जाईल. कूंही वाढलं.

अशातच माझी मेहुणी मधुवंती हिला बघायला शोभाताई आल्या. मुलगा गौरांग पुण्याला, म्हणून आई एकटीच. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि हो की नाही ते काही बोलल्या नाहीत. माझे सासरे चंपतराव कासावीस झाले.

"जावईबापू, ताईंना गाडीनं जरीपटक्याले घरी सोडून द्या. मधुवंती, तू बी जाय. रस्त्यानं बोलणं होईल."

मी गाडी चालवायला, शेजारी मयुरा, मागे त्या दोघी. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून स्टीरिओ लावला (हळूच). एका चौकाच्या अलीकडे शोभाताई दचकल्या.

"काय वं, मागं कोण रडून राहिलं?"

"कोणी नाही ताई, तो सबवूफर आहे."

"काय नाव ठेवलं म्हणता?"

"अहो, नाव नाही..."

"कुत्र्याचं पिल्लू डिक्कीत कोंडलं तुमी! थांबवा गाडी!"

घाबरून मी स्टीरिओ बंद केला. कूं थांबलं.

"बघा! तुमाले भिऊन गप्प झालं!"

गाडी बाजूला घेतली. आता खरं दाखवून द्यायलाच हवं, म्हणून स्टीरिओ पुन्हा लावला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कूंऽऽऽ! एक ऑटोवाला थांबला. केळीवाला गाडा सोडून आला.

"काहून गा भाऊ, मुक्या जनावराले त्रास देऊन राहिला?" केळीवाला म्हणाला.

"अहो, कुत्रं नाहीच! हे बघा, मी दाबतो तेव्हाच ओरडतं!"

हे वाक्य मी जरा विचार करून बोलायला हवं होतं. ऑटोवाल्यानं बाह्या वर केल्या. मयुरानं पदरानं तोंड झाकलं. ती रडते की हसते, कळेना.

तेवढ्यात मधुवंती उतरली, डिक्की उघडून आत पार कमरेपर्यंत वाकली. "नाही जी, ताई, इथं फक्त खोकं आहे," म्हणत तिनं हात फिरवला आणि कूं एकदम थांबलं. माझा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता!

मी मागे धावलो. तिचा हात अर्थिंगच्या वायरीवर दाबून होता. मी शहाण्यानं ती वायर डिक्कीच्या पत्र्यावरच्या रंगावरच कसली होती, लोखंडाला ती नीट टेकतच नव्हती. एवढ्यासाठी मी गोधडी वाया घालवली होती.

मी हे सगळ्यांना समजावायला तोंड उघडलं, पण शोभाताईंचे डोळे भरून आले होते.

"हात लागला पोरीचा अन् बिचारं शांत झालं," त्या म्हणाल्या. "मले हीच सून पायजे."

मयुरानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अर्थिंग मी पोटातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरनं रंग खरवडून वायर पक्की केली. आता गाडीत कूं नाही की कां नाही.

साखरपुडा थाटात झाला. शोभाताईंनी आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांना शर्टपीस दिले. मला मात्र वेगळं, चकचकीत कागदातलं पाकीट. मोठा जावई ना! मी चारचौघांत ऐटीत उघडलं. आत कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा होता, घुंगरू लावलेला.

मयुरानं तो तिथेच मला लावून पाहिला.

"माप बरोबर आहे," ती म्हणाली.