कंडेन्सरला बांधलेलं ओलं पोतं

थंडाव्याच्या कामात मोताळ्यात माझा हात धरणारा कोणी नाही! तीस उन्हाळे झाले, घरचा कूलर मीच लावतो. वाळ्याच्या ताट्या मीच भरतो, पंप मीच साफ करतो आणि शेजारच्यांचा कूलर घुरघुरला, तर न बोलावता जातो.

यंदा मात्र मी थेट एसी घेतला. कारण आमची निशिगंधा! ती सहा वर्षांपासून बंगळूरला कसल्याशा कंपनीत इंजिनिअर आहे. मागच्या मे महिन्यात आठ दिवसांसाठी आली आणि तिसऱ्याच दिवशी परत गेली. कारण सांगितलं नाही, पण उकाडाच असणार, बापाला कळतं! नंतर वर्षभर तिची खोली मी रोज झाडली. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवली?" आणि "हो, बाबा." तेवढ्यावर फोन ठेवायचा आणि मग उगाच त्याच्याकडे बघत बसायचं. फार आठवण यायची हो तिची. यंदा तिला आठही दिवस ठेवून घ्यायचंच, असं मी ठरवलं होतं.

एसी बसला. ती येण्याच्या आदल्या दिवशी मी मागच्या अंगणात गेलो, तर एसीचा बाहेरचा डबा भर उन्हात गरम हवा फेकतोय! वर पंचेचाळीस डिग्री ऊन, सावलीचा पत्ता नाही.

"संजीवनी, हे तर तापून राह्यलं!"

"बसवणारा म्हणे, तसंच राहू द्या," बायको म्हणाली.

"त्याले काय समजते!"

कूलरला जसं करतो, तसंच केलं. बाजूंनी वाळ्याच्या ओल्या ताट्या बांधल्या. तेवढ्यात शेजारच्या सत्यभामाबाई कुंपणावरून कडाडल्या, "रामरावभाऊ, ही गरम हवा आमच्याकडे काऊन सोडून राह्यले? माही तुळस करपली ना!"

शेजारधर्म म्हणून मी समोरूनही ओलं पोतं घट्ट बांधलं. आता कसं गार वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी निशी आली. खोलीत पाय ठेवला आणि एसी बंद! मी धावत जाऊन पोत्यावर बादली ओतली. थोड्या वेळानं सुरू झाला, दहा मिनिटं चालला, पुन्हा बंद! मी दुसरं पोतं बांधलं. शेखर मिस्त्री फोनवर म्हणाला, "काका, सीझन आहे, चार दिवसांनी येतो."

"बाबा, मी पाहू का?" निशीनं विचारलं.

"तू बस, बाई! थकली असशील. तुले काय समजते त्याच्यातलं!"

दोन दिवस मी बादल्या वाहिल्या. कंबर मोडली, पण एसी ऐकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन निघालो, तर निशी बॅगेत कपडे भरत होती.

"उकाड्यानं चालली?"

"नाही, बाबा. मागच्या वर्षी तुम्ही दिवसभर कूलरजवळ, यंदा त्या डब्याजवळ. मी कोणापाशी बसू?"

मी बादली खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "काय करते वं तू कंपनीत?"

ती हसायलाच लागली. "आम्ही एसीचे कंडेन्सर बनवतो, बाबा! तुम्ही ज्याले पोतं बांधलं ना, तेच!"

"मले कोणी काऊन नाही सांगतलं?"

"सहा वर्षांत तुम्ही इचारलं कधी?" स्वयंपाकघरातून संजीवनी म्हणाली.

निशीनं मला अंगणात नेलं. पोती सोडली, ताट्या काढल्या, जाळीत अडकलेल्या काड्या ब्रशनं झाडल्या. एसी सुरू झाला आणि सुरूच राहिला!

"एसी घरातली गरमी उचलून इथं आणतो अन् ही जाळी ती बाहेर फेकते. म्हणून इथली हवा गरमच राह्यते. तुम्ही तिची वाटच बंद केली, मग एसी बंद पडणार नाही तर काय! समजलं?"

खरं सांगू? मला पाच मिनिटांतच सगळं समजलं होतं. पण समजलं म्हटलं असतं, तर ती उठून बॅग भरायला गेली असती! तिनं चार वेळा समजावलं. मी डोकं खाजवलं आणि म्हटलं, "म्हणजे गरमी नेमकी जाते कुठं? एक डाव पहिल्यापासून सांग बरं."