आजोबा मीटिंगमध्ये आहेत

आजोबांचा फोन गेला, म्हणून नातीला नवा फोन आला.

बाहेरच्या माणसाला यात काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, पण त्या घरात ते अगदी रीतसर होतं. नवा फोन घरात शिरायचा तो नातीच्या हाती, कारण तिला अभ्यासाला लागतो. तिचा जुना तिच्या आईकडे, आईचा वडिलांकडे आणि वडिलांचा आजोबांकडे. दुकानदार म्हणतात, फोनचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. त्यातली उमेदीची वर्षं तिघं मिळून संपवत आणि उरलेलं म्हातारपण आजोबांच्या वाट्याला येई. मागचा फोन तर चार्जर काढला की मान टाकायचा. शेवटी एके दिवशी चार्जर लावूनही त्याने डोळे उघडले नाहीत.

"मला एक साधा बटणांचा आणून दे की," आजोबा मुलाला म्हणाले.

"बाबा, माझा हा चांगला चालतोय ना! मग काय फेकून द्यायचा?"

"चांगला चालतोय, तर तू का सोडतोयस?"

मुलाने घड्याळाकडे पाहिलं. "मला मीटिंग आहे," तो म्हणाला. फोन दुसऱ्याला देताना आतलं सगळं पुसायचं असतं हे त्याला ठाऊक होतं, पण उशीर होत होता. त्याने आजोबांचं सिमकार्ड आत सरकवलं, अक्षरं मोठी करून देतो म्हणाला आणि न करताच निघून गेला.

आजोबांना फोन लागायचा तो एकाच माणसासाठी. पलीकडच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहत. पूर्वी दोघांची बैठक बागेतल्या बाकावर असे. पण आजोबांच्या गुडघ्याने दगा दिला, त्यात इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद, त्यामुळे चौथ्या मजल्यावरून खाली उतरणंच थांबलं. उरला तो रोज अकराच्या सुमारास येणारा मास्तरांचा फोन. दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवत, म्हणजे एकेका शब्दावरून मनसोक्त भांडत. आजोबांचा सगळा दिवस त्या भांडणावर उभा होता.

आणि मुलाचा फोन हाती आल्यापासून मास्तरांचा फोन यायचाच बंद झाला.

पहिल्या दिवशी आजोबांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी फोन हलवून पाहिला. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"गरज सरो, वैद्य मरो!" ते सुनेला म्हणाले.

"मग तुम्हीच करा ना फोन."

"मी का म्हणून? रोज ते करतात!"

वरून असा ताठा, पण आतून त्यांना फार वाईट वाटत होतं. आपण आता कोणाच्या लक्षातसुद्धा राहिलो नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तिकडे बाकावर वेगळंच चाललं होतं. मास्तर रोज न चुकता फोन लावत, आणि रोज तो कट होऊन उत्तर येई, 'मी मीटिंगमध्ये आहे. महत्त्वाचं असेल तर मेसेज करा.'

"मीटिंग? या वयात?" मास्तरांनी ते बाकावर जमणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवलं.

आजोबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. उभ्या नोकरीत त्यांना मीटिंगचं बोलावणं कधी आलं नव्हतं. मीटिंगसाठी खुर्च्या मोजून द्यायच्या आणि संपल्यावर मोजून घ्यायच्या, एवढाच त्यांचा मीटिंगशी संबंध. पण बाकावरच्या मंडळींना असल्या अडचणी येत नाहीत.

"कारखान्याने परत बोलावलं असणार. सल्लागार म्हणून."

"बोलावणारच! ते गेल्यापासून तिथे एक स्क्रू सापडत नाही म्हणे."

हे 'म्हणे' नक्की कोण म्हणालं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत ते आजोबांच्या इमारतीच्या सेक्रेटरीपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्याने खात्री करायला फोन लावला. त्यालाही तेच उत्तर आलं आणि तो चपापला. लिफ्टबद्दलच्या आजोबांच्या तक्रारी त्याने आजवर या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या होत्या. संध्याकाळी तो जिने चढून वर आला.

"साहेब, लिफ्टचं काम उद्याच धरतो. तुम्हाला जाण्यायेण्याचा त्रास नको."

'साहेब' कोण, म्हणून आजोबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"अरे, पण मी कुठे जातो?"

"समजलं, समजलं. कुठे बोलायचं नाही," असं म्हणून सेक्रेटरी घाम पुसत उतरला.

दोन दिवसांत लिफ्ट सुरू झाली आणि त्याच लिफ्टने मास्तर वर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. पूर्वी लिफ्ट चालू असताना हाका मारत आत घुसणारे मास्तर दारातच थबकले.

"येऊ का? कामात नाही ना तुम्ही?"

"काम? मला? मास्तर, इतक्या दिवसांत एक फोन नाही तुमचा!"

"माझा नाही? अहो, रोज करतोय! तुम्हीच असता मीटिंगमध्ये!"

आवाज चढले तशी नात बाहेर आली. तिने आजोबांचा फोन घेतला, दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि हसत सुटली.

"आजोबा, हे पप्पांचं आहे! ऑफिसच्या वेळात कोणाचाही फोन आला की आपोआप कट होतो आणि हा मेसेज जातो. ज्यांना सूट दिलीय त्यांचेच फोन वाजतात. पप्पांनी फक्त त्यांच्या बॉसना सूट दिलीय. थांबा, काढून टाकते."

गुडघा पहिल्यांदा धरला, त्या दुपारी आजोबांनी मुलाला दोन-तीनदा फोन केला होता. प्रत्येक वेळी हेच उत्तर आलं होतं, आणि पोराला कामात उगाच त्रास दिला म्हणून त्यांनी स्वतःलाच बोल लावला होता. आता मात्र त्यांना ते लागलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बॉसला काढ आणि मास्तरांना घाल."

"आणि पप्पांना?"

"त्याला कुठे वेळ असतो फोन करायला?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलाला ऑफिसच्या कपाटाची किल्ली सापडेना. घरी राहिली का, म्हणून त्याने आजोबांना फोन लावला. 'मी मीटिंगमध्ये आहे,' असं उत्तर आलं. त्याने नंबर तपासून पुन्हा लावला. पुन्हा तेच. वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं, पण कुठे ते आठवेना. म्हातारा माणूस, दुपारचा घरात एकटा, आणि त्याच्या फोनवरून भलतंच कोणीतरी मीटिंगच्या गोष्टी करतंय! बॉसला सांगायचंही न सुचता तो घरी पळाला. लिफ्ट सुरू झाली आहे हेसुद्धा घाईत विसरून चार मजले चढला.

आतल्या खोलीत आजोबा आणि मास्तर पेपरावर ओणवे झाले होते.

"बाबा! फोन का उचलत नाही? जीव टांगणीला लागला ना माझा!"

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. पोराचा चेहरा घामाने डबडबला होता आणि त्यावरची काळजी खरी होती. ती पाहून त्यांना बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की लगेच विरघळायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

"मीटिंग चालू आहे," ते म्हणाले. "काय काम होतं?"

किल्ली मुलाच्या डोक्यातून केव्हाच गेली होती. "काम काही नाही. जरा बोलायचं होतं तुमच्याशी."

"मास्तर, याला कधीची वेळ देता येईल?"

मास्तरांनी गंभीरपणे घड्याळ पाहिलं. "एवढे आडवे शब्द होऊ देत. तोवर बाहेर बसायला सांगा."

आणि बॉसच्या केबिनबाहेर ताटकळण्यात निम्मी नोकरी गेलेला तो बिचारा खरोखरच बाहेरच्या खोलीत गेला आणि खुर्चीवर पाय जवळ घेऊन बसून राहिला.