खुशालरावांच्या अंगणातला ज्वालामुखी

पाहुण्यांची बैलांची दमणी वेशीतून आत शिरली, त्याच वेळी खुशालरावांच्या अंगणातल्या पेवाने धूर सोडायला सुरुवात केली. धूर म्हणणे तितकेसे अचूक नाही. ती वाफ होती आणि तिला आंबूस वास होता. पण ती जमिनीतून निघत होती, आणि ज्या पेवात कोरडी ज्वारी असल्याचे खुशालरावांनी दर्यापूरपर्यंत कळवले होते, नेमक्या त्याच पेवातून निघत होती.

“अवो, झाका ते,” आशाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “मी तवाच म्हणलं होतं, रिकामं राहू द्या.”

“रिकामं ठेवलं असतं तं वाजलं असतं.”

हे वाजणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. दर्यापूरच्या किसनरावांकडे मुलगी देण्यापूर्वी मुलाचे घर पाहण्याची एक रीत होती. ते दागिने पाहत नसत की बैलजोड्या मोजत नसत. अंगणात जाऊन पेवाच्या तोंडावर काठी आपटत आणि कान देत. जमिनीखालचे ते धान्याचे कोठार रिकामे असले तर ढोलासारखे घुमते, भरलेले असले तर मुके राहते. मुक्या पेवाच्या घरी मुलगी उपाशी राहत नाही, असा त्यामागचा सिद्धांत. प्रयोग म्हणून तो वाईट नव्हता. उणीव एकच होती : पेव भरलेले आहे हे काठी सांगते, कशाने भरलेले आहे ते सांगत नाही.

खुशालरावांनी त्या उणिवेचा आश्रय घेतला होता. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि बाळापूर भागातल्या इतर शहाण्या माणसांप्रमाणे त्यांनीही बांधापासून बांधापर्यंत कापूसच पेरला होता. ज्वारीचे एक ताटही नाही. किसनरावांचा निरोप आला तेव्हा पेवात अंधाराखेरीज काही नव्हते. म्हणून त्यांनी ते विकतच्या सरकीने गळ्यापर्यंत भरले, वर दगड ठेवला आणि शेणमातीने लिंपून टाकला. कापसाचे बी ज्वारीइतकेच मुके असते, हे त्यांचे अनुमान बरोबर होते. ओले बी कोंडून ठेवले की ते आंबते आणि तापते, हेही त्यांना ठाऊक होते. बी ओले आहे, एवढेच ठाऊक नव्हते.

आणि हे स्थळ हातचे जाऊ देणे शक्य नव्हते. त्यांचा मुलगा भगवंत अकोल्याच्या नव्या शाळेत मास्तर झाला होता, आणि आधीची दोन स्थळे त्याने केवळ विद्वत्तेच्या बळावर घालवली होती. एका मुलीच्या बापाला त्याने ग्रहणात राहूचा हात नसतो असे समजावले. दुसऱ्याला सांगितले की पृथ्वी फिरते, आणि तिच्यासोबत तुमचे घरही फिरते. तो गृहस्थ जेवण अर्धे टाकून उठला. खुशालरावांना मुलाचे बोलणे फारसे कळत नसे. पण ते ऐकायला घरात कोणीतरी कायमचे असावे, असे त्यांना मनापासून वाटे.

त्यांनी बाज ओढून पेवावर घेतली, तिच्यावर घोंगडी अंथरली, ती चारी बाजूंनी जमिनीला टेकवली, आणि वर स्वतः बसले.

किसनराव आले ते भरघोस मिशा, जाड काठी आणि थोरली बहीण घेऊन. या पार्बताबाईंच्या होकाराखेरीज किसनराव पागोटेही बदलत नसत. गूळपाणी झाले. भगवंत नमस्कार करून खांबाशी उभा राहिला. तोंड उघडायचे नाही, अशी त्याला ताकीद होती.

“पाटील, तुमी उठून राम राम नाई केला,” पार्बताबाई म्हणाल्या. “गुडघे धरले का?”

“नाई जी. बसलो जरा.”

“घाम लय येऊन राहिला तुमाले.”

“ऊन हाय.”

“ऊन आमाले लागून राहिलं. तुमी तं सावलीत बसले.”

“बाज सरकवा,” किसनराव म्हणाले. “काठी लावून पाहू द्या, मंग बोलू.”

घोंगडीखालची स्थिती अशी झाली होती की उठण्याचे निमित्त मिळाल्याचे खुशालरावांना बरेच वाटले. बाज सरकली. वाफ त्या क्षणी योगायोगाने थांबलेली होती. किसनरावांनी काठी आपटली. धप्प.

“मुकं हाय,” ते समाधानाने म्हणाले, आणि त्या समाधानाच्या भरात त्यांनी काठी पुन्हा आपटली. पहिल्या ठोक्याने परीक्षा झाली होती. दुसऱ्याने लिंपण तडकले. तड्यातून फुस्स आवाज करीत वाफेचा एक झोत कमरेइतका वर आला.

कोणी काही बोलण्यापूर्वी भगवंत पुढे झाला, वाकला, हात झोतावर धरला आणि झटकन मागे घेतला. त्याचा चेहरा उजळला होता. कोरडी ज्वारी तापत नाही. पेवात कोरडी ज्वारी आहे. म्हणजे ऊब ज्वारीच्या खालून येत असली पाहिजे. या तर्कात दोष नव्हता. दोष गृहीतकात होता, आणि गृहीतक वडिलांनी पुरवले होते.

“बाबा, मांगं सरा,” तो म्हणाला. “हे ज्वालामुखीचं मुख असू शकते.”

आशाबाईंनी डोळे मिटले. तिसरे स्थळ.

“काय असू शकते?” किसनरावांनी विचारले.

शिकवायला लागला की भगवंतची बोली पुस्तकी होत असे. “पृथ्वीच्या पोटात खडक वितळलेला असतो. त्या शिलारसात वायू कोंडलेले असतात, त्यांच्या जोराने तो भेगांतून वर चढतो. रस पातळ असला तर वायू सहज निसटतात, आणि रस नुसता वाहत जातो, दुधासारखा. आपला वऱ्हाड असाच झाला. तुमच्या शेतातली काळी माती म्हणजे त्याच खडकाचा भुगा.”

“माह्या शेतातली?”

“साऱ्यांच्या. लोणारचं सरोवर पाहिलं ना तुम्ही? तेही ज्वालामुखीचंच मुख.” त्या काळचे मोठमोठे विद्वानही असेच मानीत. पुढे ते मत बदलले, पण त्यात भगवंतचा अपराध नाही.

“लोणारले तं आमी आंघोळीले जातो,” पार्बताबाई म्हणाल्या. “कोनी भाजलं नाई.”

“ते विझलेलं आहे.”

“अन हे?”

“हे जागं होत आहे.”

खुशालरावांना इतक्या वर्षांत प्रथमच मुलाच्या शिक्षणाचा उपयोग दिसला. “पोट्टं अकोल्याले शिकलं,” ते ठासून म्हणाले. “तो म्हनते तं ज्वालामुखीच हाय. आमच्या आज्याच्या येळेपासून इथीसा जमीन गरमच लागे.”

आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. सासऱ्यांनी याच जागी पन्नास वर्षे अंथरूण टाकले होते, हे त्यांना माहीत होते.

“मंग पोरगी काय जाळाच्या तोंडावर देऊ आमी?” पार्बताबाईंनी विचारले.

प्रश्न रास्त होता आणि खुशालरावांनी तो आधी विचारात घेतला नव्हता. ज्वालामुखी नाकारावा तर सरकी बाहेर येते, स्वीकारावा तर सून येत नाही. त्यांनी मुलाकडे पाहिले. “भगवंता, हा गरीब जातीचा असन ना रे?”

“तोंड मोकळं राहिलं तर गरीबच,” भगवंत म्हणाला. “पाझरतो, वाहतो, निवतो. पण काही जातींचा रस घट्ट असतो. तो तोंडातच थिजून बूच होतो, खाली वायू साचत जातात, आणि मग डोंगराचं डोकं उडतं. त्यापेक्षा दगड काढून घ्यावा.”

“बराबर,” किसनराव काठी टेकून उठले. ते धान्याच्या बाबतीत हळवे होते. “ज्वारी काहून भाजू द्यायची? काढा दगड. आमच्या गाडीवाल्याले हाक मारतो. साऱ्यायनं मिळून उपसू.”

“नको,” खुशालराव म्हणाले.

“काहून नको? पाहुणे म्हनून लाजता का? उद्या आपून सोयरे होऊ.”

म्हणजे किसनरावांचे मन वळले होते, ज्वालामुखीसकट वळले होते, आणि त्या चांगुलपणापोटीच ते आता दगड काढायला निघाले होते. खुशालरावांनी विचार करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी कोपऱ्यातले दगडी उखळ कवटाळून आणले, पेवाच्या तोंडावर घातले, बैलांच्या नांदेजवळचा चिखल ओंजळीओंजळीने तड्यात भरला, आणि उखळावर पाय ठेवला.

“बाबा, हे बूच झालं,” भगवंत म्हणाला.

“होऊ दे.”

“मी आत्ताच सांगितलं, बुचाची जात—”

“बापाले शिकवतं का?”

फुसफुस थांबली. खुशालरावांच्या चेहऱ्यावर विजय दिसू लागला, आणि पायाखालचे उखळ किंचित हलले. त्यांना पाय काढून घ्यायला जेमतेम सवड मिळाली. भप्प असा आवाज झाला, दगडासकट उखळ हातभर उडून कलंडले, आणि मागोमाग एक तपकिरी खांब छपरापर्यंत चढला. तो शिलारसाचा नव्हता. क्षणभर वर थांबून तो सर्वांवर सारखाच बरसला.

कोणाला इजा झाली नाही. ऊन, चिकट, लव असलेली सरकी पागोट्यांत, लुगड्यांत, गुळाच्या ताटलीत आणि किसनरावांच्या मिशांत बसली. आंबलेल्या ढेपेचा वास गोठ्यापर्यंत पोचला, आणि बैल आशेने हंबरले.

पार्बताबाईंनी खांद्यावरचे एक बी उचलून डोळ्यांजवळ धरले. “पाटील, तुमच्याकडे ज्वारीले केस येतात का?”

खुशालराव खाली मान घालून म्हणाले, “ज्वारी नाई. सारा कापूसच पेरला. पोट्ट्याचं जमून राहिलं होतं, म्हनून पेव भरलं. त्याच्यावर राग नका धरू. त्याले मालूम नव्हतं. तो खरंच बोलून राहिला होता.”

“गाडी जुंपा,” किसनराव म्हणाले. ते वळलेही होते.

“जसं तुमाले वाटन तसं,” खुशालराव म्हणाले. “पन मीही फसलोच जी. चोख कोरडी म्हनून घेतली होती. तुमच्याच दर्यापूरच्या बाजारातून, सहदेव अडत्याकडून. नाईतं पेव कशाले तापते?”

किसनराव जागीच थांबले. “सहदेवनं कोरडी म्हनून देली?”

“कोरडी म्हनून.”

“लबाड हाय तो,” किसनराव संतापून म्हणाले. “मी माह्या सरकीले पाणी मारलं हे त्याले सांगूनच देलती.”

आपण काय बोललो, ते त्यांना सर्वांच्या मागून कळले. मिशीतून एक बी खाली पडले.

“किसन्या,” पार्बताबाई अगदी हळू म्हणाल्या, “वजनासाठी पाणी मारलं तू?”

किसनराव पेवाकडे पाहू लागले, जणू आणखी एक स्फोट आता सोयीचा ठरला असता.

“एक सरकीले ज्वारी म्हनते, दुसरा पाण्याले सरकी म्हनून इकते,” पार्बताबाईंनी निकाल दिला. “याच्यापरीस जोडीचं घर आपल्याले भेटत नाई. खरं बोलनारं एक हाय, ते तं जावई होऊन राहिलं. बैल सोडा. आशाबाई, माह्या डोक्यातून हे काढा बाप्पा.”

आशाबाई फणी आणायला धावल्या. खुशालराव उखळ उचलायला वाकले, तर दुसऱ्या बाजूने किसनरावांनीही हात घातला. दोघांनी एकमेकांकडे न पाहता ते कोपऱ्यात नेले. परत येतात तो भगवंत समोर उभा. ज्वालामुखी गेल्याचे थोडे दुःख त्याच्या चेहऱ्यावर होते, पण डोळ्यांत नवी उत्सुकता होती.

“मामाजी,” त्याने किसनरावांना विचारले, “पाणी नेमकं किती मारलं होतं? वरच्याच थराला, की मधून मधून? अन ते थंड होतं की उन्हातलं?”

किसनरावांनी मदतीसाठी व्याह्यांकडे पाहिले. खुशालराव बाजेवर ऐसपैस बसले होते, आणि त्या दिवसात प्रथमच त्यांना घाम येत नव्हता.

“सांगून टाका,” ते मायेने म्हणाले. “आता घरातलेच झाले तुमी. आमी तं रोजच ऐकतो.”