काठी दाराशीच राहिली

जावई घरी येऊन चार दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्याने सासूबाईंना त्यांचंच अंगण परकं करून टाकलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. सापांच्या शिबिराला एक दिवस बसून आला काय, आणि अंगात पंडितच संचारला! अनवाणी फिरायचं नाही, गवतात पाय टाकायचा नाही, लाकडं काढण्याआधी ढिगावर काठी आपटायची. चाळीस वर्षं त्याच ढिगातली लाकडं जाळून सासूबाईंनी पाच लेकरं वाढवली होती. आता हा कालचा पोरगा त्यांना लाकूड उचलायला शिकवणार!

"आई, विषारी कोण, बिनविषारी कोण, हे साप कपाळावर लिहून फिरत नाहीत."

"जावईही नाही फिरत," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, लाकडं मीच आणतो. बघाच कशी आणायची ती!"

जावई तोऱ्यात निघाला. काठी दाराशीच राहिली. त्याने ढिगाच्या फटीत हात घातला मात्र, आतून फिस्स झालं आणि बोटाला कचकन काहीतरी लागलं.

"चावला! दहा वाजून सतरा मिनिटं!" असं ओरडून तो जागच्या जागी आडवा झाला.

लेकीने हंबरडा फोडला. आपल्या लेकीचं कुंकूच अंगणात पडलं होतं! पदर फाडून सासूबाई दंड आवळायला धावल्या.

"बांधू नका! चिरू नका! मला चालवू नका!"

"मग नेऊ कसं? पोस्टाने?"

"उचलून! आधी अंगठी काढा, हात सुजेल!"

अंगठी लग्नातली, बोट संसारात सुटलेलं. सासूबाईंनी साबण चोळून ओढली, तेव्हा कुठे ती निघाली. शेजारचा टेम्पोवाला धावला. जावई खाटेसकट हौद्यात चढला, पण पाय बाहेरच राहिले. टेम्पोवाल्याने नियमाप्रमाणे त्यांना लाल फडकं बांधलं.

"अकरा मिनिटं झाली, शुद्ध आहे!" खाटेवरून वर्दी आली.

"तोंडही आहे," सासूबाई रडता रडता म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोट उलटंसुलटं पाहिलं. "दात नाहीत हे. चोच आहे. तरी उद्यापर्यंत राहू दे इथेच."

आठ दिवस बेपत्ता असलेली खुडूक कोंबडी लाकडांत अंडी उबवत बसली होती तर! सासूबाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग डोक्यात चढला. त्या तडक घरी आल्या, बाह्या सारल्या आणि कोंबडीची मान धरायला हात पुढे केला.

हात फटीशीच थबकला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. हळूच काठी आणली आणि चार पावलं लांबून ढिगावर दणादण आपटली.

कोंबडी कोकलत बाहेर पळाली. तिच्यामागोमाग, खालच्या ओंडक्याआडून, फणा काढून नाग उभा राहिला!

सासूबाई मागे सरकत सरकत थेट टेम्पोवाल्याच्या दारात पोचल्या. त्याने साप पकडणाऱ्याला बोलावलं, नाग बरणीत गेला, आणि संध्याकाळी त्या दवाखान्यात येऊन जावयाच्या उशाशी बसल्या. घडलेलं सगळं सांगितलं. काठीपर्यंत आल्यावर आवाज जरा खाली गेला.

जावई उठून बसला. "म्हणजे माझं बरोबर होतं, आई?"

सासूबाईंनी त्याचं पट्टी बांधलेलं बोट हातात घेतलं.

"जावईबापू, डोकं तुमचं शंभर नंबरी आहे. फक्त एकदा ते स्वतःच्या हाताला भेटवा."