रिकाम्या सीटची टिंग-टिंग

"ठोकलेली गाडी मी दहा पावलांवरून ओळखतो! डोये बांधा अन् पाहा!" अशी तांड्यावर फुशारकी मारून शंकरसिंग जो निघाला, तो थेट पांढरकवड्याला, हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. राजूरला दिलेल्या लेकीकडे, वर्षाकडे, जायला गाडी हवी होती. निदान सांगायचं कारण तरी तेच! खरं म्हणजे मानीबाई गेल्यापासून घर त्याला खायला उठत होतं.

दुकानदार इंद्रजितनं एक लाल गाडी पुढे केली. "एकदम चकाचक, काका! खरचटली भी नाई. नागपूरचे एक डॉक्टर वापरत होते. रोज दवाखाना, अन् रविवारी देऊळ!"

शंकरसिंगनं नंबर पाहिला आणि तो मटकन टायरांच्या ढिगावरच बसला. बाप्पा! ही तर आपलीच, आठ वर्षांपूर्वी घेतलेली पांढरी गाडी, वरून लाल रंग फासलेली! दीड वर्षापूर्वी नवराबायको ढाब्यावर चहा पीत होते आणि रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकनं बाहेर उभ्या गाडीचा पापड केला. विमावाल्यांनी 'टोटल लॉस' म्हणून भरपाई दिली, सांगाडा उचलून नेला. "आपल्यावरचं तिच्यावर गेलं," मानीबाई म्हणाली होती. सहा महिन्यांनी तापानं तीच गेली.

"कधी ठोकली-बिकली तर नाई ना?" शंकरसिंगनं कसंबसं विचारलं.

"देवाशप्पथ नाई!"

चोर लेकाचा! पण भांडण्याआधी तिच्यात एकदा बसावंसं वाटलं. तो चक्कर मारायला बसला, पट्टा लावला. इंद्रजित मागे बसला. चावी फिरवली मात्र, शेजारच्या रिकाम्या सीटची टिंग-टिंग सुरू झाली!

"काही नाई, काका," इंद्रजित गडबडला. "सेन्सर हुकला. कोणी नसलं तरी गाडीले वाटते, समोर माणूस बसून हाये अन् त्यानं पट्टा नाई लावला. दोन मिनिटात वायर कापतो!"

शंकरसिंग त्या सीटकडे वळला. मानीबाईनं जन्मात पट्टा लावला नव्हता. "मी काय गोऱ्हं हाये, दावं लावाले?" राजूर येईपर्यंत टिंग-टिंग, आणि त्यावर तिची बडबड! तेव्हा तो वैतागून ओरडायचा. आता तोच वैताग परत मिळावा म्हणून जीव नुसता तुटत होता.

"खबरदार वायरले हात लावला तर!" तो असा गरजला की इंद्रजित सीटला चिकटला. "चाक निघालं तरी चालन, पण हे वाजलं पाह्यजे!"

कागद करायला बसले. इंद्रजितनं पहिल्या मालकाचं नाव पहिल्यांदाच वाचलं. "शंकरसिंग देवसिंग राठोड... अन् तुमचं नाव काय, काका?"

"तेच."

इंद्रजितच्या हातातला पेन गळून पडला. "म्हंजे... डॉक्टर तुम्हीच?"

"रविवारी देऊळ," शंकरसिंग म्हणाला. "ठोकलेली हाये, हे मी दहा पावलांवरूनच ओळखलं होतं!"

परतताना चौकात पोलिसानं गाडी थांबवली. "काय वाजून राह्यलं हे?"

"बायकोनं पट्टा नाई लावला, साहेब."

पोलिसानं रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग वाकून शंकरसिंगच्या तोंडाचा वास घेतला. वास चहाचा होता. "मंग सांगत काहून नाई तिले?"

"आठ वर्षं झाली सांगून राह्यलो," शंकरसिंग डोळे पुसत म्हणाला. "ऐकतच नाई!"